ऑफिसात लावायची पॉलिसी आणि साइटवर चालणारी पॉलिसी: गोव्यातल्या कंत्राटदारासाठी इन्शुरन्सचं सगळं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की फोंडा, डिचोली, म्हापसा कुठेही जा, कंत्राटदारांची एकच धावपळ असते, पावसाआधी स्लॅब घालून टाकायचा. सेंट्रिंगवाला फोन उचलत नाही, अर्धे मजूर गावाला गेलेले, रेतीचा भाव विचारायची सोय नाही, आणि ह्या गडबडीत वर्क ऑर्डरच्या फायलीला एक कागद कमी पडतो म्हणून कोणीतरी एजंटला फोन लावतो, "अरे एक पॉलिसी काढून दे रे, स्वस्तातली, ऑफिसात लावायला." झाला आमचा इन्शुरन्स.

मी पण बरीच वर्षं हेच केलं. मग एका जुलैत डिचोली तालुक्यातल्या एका बंगल्याच्या कामावर रात्रीत चिऱ्यांची संरक्षक भिंत बसली, मागची सगळी लाल माती घेऊन खाली आली आणि सोबत प्लिंथचा एक कोपरा गेला. कोणाला लागलं नाही हे नशीब. नुकसान आठ लाखांचं, पॉलिसी हातात, मी एकदम निवांत. हातात आले साडेपाच लाख. कंपनीने फसवलं असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत फिरलो, मग एक दिवस पॉलिसी नीट वाचली आणि गप्प बसलो. चूक कुठे झाली ते पुढे येईलच. घर, बंगला, छोटी बिल्डिंग, पंचायतीचं किंवा पीडब्ल्यूडीचं छोटं काम घेणाऱ्या माझ्यासारख्यांना डोळ्यापुढे ठेवून हे लिहितोय, मोठ्या कंपन्यांकडे त्यांची माणसं असतात.

एजंटला फोन करायच्या आधी

एक वही घ्या आणि साइट कागदावर उतरवा. कामाची पूर्ण किंमत किती, मालक स्वतः काय काय आणून देणार, काम कधी सुरू कधी संपणार, त्यात पावसाळे किती येतात, खोदाई किती खोल, डोंगर कापायचा आहे का, शेजारी किती अंतरावर घर आहे, नदी, ओहोळ किंवा खाजन (खाडीकाठची सखल जमीन) जवळ आहे का, रोज माणसं किती, त्यातली तुमची किती आणि सेंट्रिंगवाल्याची किती, मशीन स्वतःचं की भाड्याचं. हे सगळं एजंट विचारत नाही. तो विचारतो रक्कम आणि तारीख, कारण त्याला तेवढ्यात पॉलिसी काढता येते.

परवान्यांची झेरॉक्स त्याच वहीत ठेवा. पंचायतीचं किंवा पालिकेचं कन्स्ट्रक्शन लायसन्स, टीसीपी म्हणजे नगर नियोजन खात्याची परवानगी, समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचं. आपल्याकडे डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला टीसीपी कायद्याच्या १७ए कलमाखाली वेगळी परवानगी लागते हे सगळ्यांना माहीत आहे आणि "रविवारी जेसीबी लावून उरकू" म्हणणारेही सगळ्यांना माहीत आहेत. तो कापलेला कडा पावसात खाली आला तर नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न परवानगीचाच असतो.

मुख्य पॉलिसी: कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क

हिला सगळे सीएआर म्हणतात. बांधकाम चालू असताना साइटवर जे उभं राहिलंय आणि जो माल पडलाय त्याचं अचानक झालेलं नुकसान ही भरून देते, आग, पूर, वादळ, भिंत कोसळणं, चोरी, मजुराच्या हातून झालेली चूक. लिफ्ट, सोलार, जनरेटर बसवायचं काम मुख्य असेल तर तिचीच बहीण आहे, इरेक्शन ऑल रिस्क.

नाव ऑल रिस्क असलं तरी सगळं त्यात नसतं. ही पॉलिसी उलटी वाचायची, म्हणजे आधी काय नाही ते बघायचं. डिझाइन चुकलं म्हणून पडलं तर साध्या पॉलिसीत पैसे नाहीत. माल खराब किंवा काम कच्चं म्हणून पडलं तर ती खराब वस्तू बदलायचा खर्च तुमचा, पण तिच्यामुळे बाजूचं चांगलं काम मोडलं तर ते मिळतं. उदाहरण द्यायचं तर सेंट्रिंगचे प्रॉप, म्हणजे स्लॅबखालचे टेकू, कच्चे होते आणि स्लॅब बसला, तर प्रॉपचे पैसे विसरा, खालच्या पूर्ण झालेल्या भिंती आणि टाइल्स फुटल्या त्या क्लेममध्ये धरता येतात. स्टॉक मोजताना सळई कमी भरली तर ती चोरी होत नाही, ती "शॉर्टेज" होते आणि शॉर्टेजला पैसे नाहीत, चोरी झाली तर पोलिसांत तक्रार लागतेच. काम लेट झालं म्हणून मालकाने कापलेला दंड, बुडालेला फायदा, गंज, झीज, ह्यातलं काहीही नाही.

काम बंद पडल्यामुळे होणारं नुकसान पण नाही. हे गोव्यात फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे काम कधी रेती नाही म्हणून बंद, कधी कोणी तक्रार केली आणि स्टॉप वर्क ऑर्डर आली म्हणून बंद, कधी मालक परदेशात आणि पैसे अडकले म्हणून बंद. उघड्या सळया आणि अर्धवट खड्डे सोडून दोन महिने काम थांबलं आणि मग काही झालं तर कंपनी हात वर करते. काम थांबणार असं दिसलं की त्याच दिवशी कंपनीला ईमेल टाका आणि कव्हर चालू ठेवायला काय करावं लागेल ते लेखी मागा.

मूळ पॉलिसीला पैसे भरून काही गोष्टी जोडता येतात. मी कुठल्या घेतो ते सांगतो. ढिगारा काढायचं कव्हर दर वेळी, कारण चिरे आणि चिखल उचलायला ट्रक आणि जेसीबीचं भाडं किती होतं ते मला माहीत आहे. भूकंपाचं कव्हर बँक किंवा टेंडर मागेल तर. डिझाइन डिफेक्टचं कव्हर मोठ्या संरक्षक भिंती किंवा बेसमेंट असेल तेव्हा. मेंटेनन्स कव्हर, म्हणजे ताबा दिल्यावर दोष निघाले तर आपण दुरुस्त करून द्यायच्या (डिफेक्ट लायबिलिटीच्या) काळातलं, सरकारी कामाला घेतोच. जुनं घर दुरुस्त करताना मालकाची आधीपासूनची मालमत्ता जोडून घ्यावीच लागते, नाहीतर तुम्ही नवीन छप्पर घालताना जुनी मातीची भिंत पडली तर ती पॉलिसीत कुठेच नसते, आणि गोव्यात आता निम्मी कामं जुनी पोर्तुगीज काळातली घरं सजवायचीच असतात.

रक्कम, इथेच माझे पैसे गेले

सम इन्शुअर्ड म्हणजे काम पूर्ण झाल्यावर ते सगळं उभं करायला किती खर्च येईल ती रक्कम, आणि तिच्यात मालकाने आणून दिलेला माल पण धरायचा असतो. माझं कंत्राट एक कोटी वीस लाखांचं होतं, पॉलिसी तेवढ्याचीच काढली. टाइल्स, सॅनिटरी, खिडक्या, लिफ्ट मालक स्वतः घेणार होता, चाळीस लाखांचं. म्हणजे खरी किंमत एक कोटी साठ, विमा एक कोटी वीसचा, पंचाहत्तर टक्के. मग कंपनी प्रत्येक नुकसानाचे पंचाहत्तर टक्केच देते, टाइल्सचं नुकसान झालेलं नसलं तरी. आठ लाखांचे झाले सहा, त्यातून पन्नास हजार एक्सेस, म्हणजे आपल्या खिशातला वाटा, गेला, साडेपाच. हिशोब पै न पै बरोबर होता, मीच शाळेत लक्ष दिलं नव्हतं.

आणि एक लक्षात असू द्या, काम वाढलं की रक्कम वाढवायची. मालक मध्येच म्हणतो, "वर एक खोली काढून टाक रे," आपण होय म्हणतो, बिल वाढवतो, पॉलिसी तिथेच राहते. वाढीव कामाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून घ्या, थोडा प्रीमियम जास्त जाईल. सळई-सिमेंटचे भाव वर जातील अशी भीती असेल तर एस्कलेशन कव्हर असतं, सुरुवातीलाच ठरलेल्या टक्क्यापर्यंत रक्कम वाढलेली धरतात.

एक्सेस म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमच्या खिशातून जाणारा पहिला वाटा. तो दोन प्रकारचा असतो, साध्या अपघाताला कमी आणि पूर-वादळ-भूस्खलन-कोसळणं अशा निसर्गाच्या प्रकाराला जास्त. कोटेशन स्वस्त दिसलं की आधी हा दुसरा आकडा बघा. गोव्यात आपले क्लेम येणार तर त्यातलेच येणार.

तारखा

कव्हर सुरू होतं ते साइटवर पहिला माल उतरल्यापासून, पण प्रीमियम कंपनीच्या खात्यात पोचलेला असला तरच, ते कायद्यातच आहे, विमा कायद्याचं ६४व्हीबी कलम. "उद्या चेक देतो" म्हणून आज खोदाई करू नका. शेवटची तारीख वर्क ऑर्डरमधली घालू नका, खरी घाला. गोव्यात बारा महिन्यांचं काम अठरा महिने चालतं हे मालकाला, आर्किटेक्टला, देवाला सगळ्यांना माहीत असतं, फक्त पॉलिसीत लिहिलेलं नसतं. मुदत वाढवायची असेल तर संपण्याआधी अर्ज करा. मधला एक दिवस जरी सुटला तरी कंपनी नव्याने साइट बघायला येते, आणि तोपर्यंत जे झालं ते तुमचं.

पावसाच्या अटी

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कंपनीलाही हे माहीत असतं, म्हणून पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात पावसाच्या अटी असतात. पाणी वाहून जायला गटार करून ठेवलं होतं का, खड्ड्यातलं पाणी काढायला पंप होता का, काम संपल्यावर मशीन उंच जागी नेलं होतं का. काही पॉलिसीत असंही असतं की पूर येऊ शकणाऱ्या जागी तीन दिवसांना पुरेल एवढाच माल ठेवायचा आणि बाकीचा उंचावर. ह्या अटी पाळल्याचा पुरावा तुम्हीच द्यायचा असतो, म्हणून मी आता जूनच्या पहिल्या आठवड्यात गटार, ताडपत्री, पंप आणि सिमेंटचा साठा ह्यांचे तारखेसकट फोटो काढून स्वतःलाच ईमेल करतो. मुकादम हसतो, हसू दे.

आणि पाऊस जूनमध्येच येतो असंही धरू नका. २०२१ च्या मेच्या मध्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्याकडे कोणाचीच तयारी नव्हती, पत्रे उडाले, झाडं पडली, लाइट किती दिवस नव्हती आठवतंय ना. त्याच वर्षी जुलैत सत्तरी, डिचोली, फोंडा भागात पुराचं पाणी घरात शिरलं. आणि काणकोणला २ ऑक्टोबर २००९ ला पूर आला, तेव्हा पाऊस संपला म्हणून लोक चवथीनंतरच्या कामाला लागले होते.

शेजारी आणि रस्ता

सीएआरचा दुसरा भाग असतो थर्ड पार्टीचा. तुमच्या कामामुळे बाहेरच्या माणसाला लागलं किंवा त्याची मालमत्ता मोडली तर. ह्या भागाची मर्यादा तुम्हीच ठरवता, आणि लोक एक-दोन लाख टाकून मोकळे होतात. रस्त्याला लागून बिल्डिंग असेल तर वरून पडलेली एक पाटी कोणाच्या डोक्यात किंवा गाडीवर पडली की एक-दोन लाखात काय होतंय?

जुन्या भिंतीला लागून खोदत असाल तर साध्या थर्ड पार्टीवर विसंबू नका. कंपन आणि आधार काढून घेतल्यामुळे होणारं नुकसान वेगळं जोडावं लागतं, आणि ते देताना कंपनीची अट असते की काम सुरू व्हायच्या आधी शेजारचं घर ठीक होतं हे नोंदवलेलं पाहिजे. पणजीच्या मळा भागात किंवा मडगावच्या जुन्या वाड्यात एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते आणि तिला तडे पन्नास वर्षांपूर्वीचे असतात. खोदायच्या आधी शेजाऱ्याला घेऊन, इंजिनिअरला घेऊन, प्रत्येक तड्याचा फोटो काढा, कागदावर दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर पहिला जेसीबी आला की आजोबांच्या काळातला तडा पण तुमच्या नावावर लागतो.

रस्ता खणायचा असेल तर जमिनीखालच्या वीज केबल आणि पाण्याच्या पाइपलाइनची माहिती संबंधित खात्याकडून लेखी मागून घ्या. बऱ्याच पॉलिसीत ती मागितल्याशिवाय केबल तोडली तर पैसे नाहीत असं स्पष्ट असतं.

मजूर, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

सीएआरमध्ये तुमच्या स्वतःच्या मजुरांना काहीही नाही. पुन्हा सांगतो, काहीही नाही. मागे एका ओळखीच्या कंत्राटदाराला वाटत होतं थर्ड पार्टीमध्ये येईल म्हणून, परांचीवरून पडला तो माणूस त्याचाच होता, थर्ड पार्टी नव्हे.

त्यासाठी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची पॉलिसी, जिला अजून सगळे वर्कमेन पॉलिसीच म्हणतात. मूळ कायदा १९२३ चा, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड लागू झाल्यावर तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशोबाची पद्धत तीच राहिली. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे पन्नास टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हिशोबासाठी धरायच्या पगाराची मर्यादा केंद्राने जानेवारी २०२० पासून १५,००० केली. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८, म्हणजे साडेसात हजार गुणिले तेवढे, १५,५९,८५० रुपये. चाळीस वर्षांच्या माणसाला १८४.१७ ने, १३,८१,२७५. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पन्नासच्या जागी साठ टक्के. एक अपघात आणि सहा महिन्यांचा नफा गेला, पॉलिसी नसेल तर. चूक मजुराची होती, त्याने बेल्ट लावला नव्हता, हे सांगून मृत्यूच्या केसमध्ये सुटता येत नाही.

काणकोणला जानेवारी २०१४ मध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसं गेली, बहुतेक बाहेरून आलेले मजूर. त्यानंतर सगळीकडे हेल्मेट दिसायला लागले, थोडे दिवस.

पॉलिसी काढताना प्रीमियम पगाराच्या रकमेवर ठरतो, म्हणून आठ माणसं दाखवायची आणि साइटवर चौदा ठेवायची ही आपली जुनी खोड. अपघात झाला की कंपनी हजेरीपट मागते. म्हणून नावं न देता संख्येवर आणि एकूण पगारावर चालणारी पॉलिसी घ्या, माणसं सारखी बदलत असतात तेव्हा तीच सोयीची, आणि वर्षाअखेरीला खरा पगार सांगून फरक भरा. काम कसलं ते खरं लिहा, उंचीवरचं काम, खोदाई, पायलिंग, सगळं "मेसन" म्हणून लिहू नका. दवाखान्याचा खर्च ह्या पॉलिसीत आपोआप मोठा नसतो, तो वाढवून घ्यावा लागतो, आणि साइटवरचे बहुतेक अपघात मरणाचे नसून मोडक्या हातापायांचेच असतात, म्हणून इथे कंजुषी करू नका.

सेंट्रिंग, प्लंबिंग, रंगारी, हे तुम्ही पोटकंत्राटावर दिलं तरी त्यांच्या मजुराला लागलं तर मुख्य जबाबदार तुम्ही धरले जाता, नंतर पोटकंत्राटदाराकडून वसूल करत बसा. तो माणूस तेव्हा फोन उचलत नाही. म्हणून एकतर त्याची पॉलिसी आणि तिची पावती बघितल्याशिवाय त्याला साइटवर घेऊ नका, नाहीतर त्याची माणसं तुमच्याच पॉलिसीत धरा आणि तेवढे पैसे त्याच्या बिलातून कापा. मी दुसरं करतो. कटकट कमी.

मजूर ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, असेल तर त्याच अपघातासाठी ही भरपाई वेगळी मागता येत नाही, ईएसआयच देतं. पगार २१,००० पर्यंत असलेले कामगार तिथे येतात. कोण कुठे बसतो ते सीएकडून एकदा नीट लिहून घ्या, दोन्हीकडे प्रीमियम भरणारेही बघितलेत आणि दोन्हीकडे न भरणारेही.

अपघाती मृत्यू झाला तर एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. घरचे ओडिशातून किंवा बिहारमधून येतात, रडतात, आपल्यालाही वाईट वाटतं, आपण हातात रोख देऊन "मिटवतो". कायद्याने ती भरपाई धरत नाहीत. पैसे सरकारच्या सक्षम अधिकाऱ्याकडे, ज्याला आधी कमिशनर म्हणायचे, जमा करावे लागतात आणि तो वारसांना देतो. घरच्यांना थेट दिलेल्या पैशांतले तीन महिन्यांच्या पगाराएवढे आगाऊ म्हणून धरले जातात, त्यापलीकडचे गेले. आणि महिन्याच्या आत भरलं नाही तर वर्षाला बारा टक्के व्याज आणि वर दंड पन्नास टक्क्यांपर्यंत, हा दंड कंपनी भरत नाही, आणि व्याज भरणार का ते पॉलिसीत लिहिलेलं असतं.

ह्याच्या शेजारी दोन स्वस्त गोष्टी. बँक खातं असलेल्या प्रत्येक मजुराचा पंतप्रधान सुरक्षा विमा काढून द्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, ते त्याच्या घरी जातात. आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी, वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केलेलं असावं लागतं. त्यासाठीचा सेस (उपकर) तुम्ही भरताच, बांधकामाच्या खर्चाचा एक टक्का, मग त्याचा फायदा मजुराला का नको?

मशीन, गाड्या आणि वाटेतला माल

स्वतःचं मिक्सर, होइस्ट, ब्रेकर, क्रेन असेल तर सीपीएम, म्हणजे कंत्राटदाराच्या मशीनची पॉलिसी. रक्कम लिहायची ती नवीन मशीन आज घ्यायला लागेल ती, जुन्याची नव्हे, नाहीतर परत तोच पंचाहत्तर टक्क्यांचा खेळ. इंजिन आपोआप बसलं तर पैसे नाहीत, मशीन उलटलं, ओहोळात गेलं, त्याच्यावर दरड आली, तर आहेत.

जेसीबी आरटीओला नोंद असतो म्हणून त्याला मोटर पॉलिसी लागतेच, पण नुसत्या मोटर पॉलिसीत एक गोम आहे. काम करताना मशीन उलटलं तर ते नुकसान मुळात धरत नाहीत, जास्तीचा प्रीमियम भरून ते वगळणारं कलम पॉलिसीतून काढून टाकायला लावावं लागतं. एजंटला शब्द सांगा, "ओव्हरटर्निंग", तो लगेच समजतो. भाड्याचा जेसीबी आला तर त्याच्या पॉलिसीचा फोटो मागा, तारीख बघा, ऑपरेटरचं लायसन्स बघा.

सकाळी मजुरांना पिकअपच्या मागे बसवून साइटवर न्यायचं, हे आपण सगळेच करतो. मालगाडीत मागे बसलेली माणसं मोटर पॉलिसीच्या दृष्टीने बसलेलीच नसतात. नव्या संहितेत घर ते काम ह्या वाटेवरचा अपघातही नोकरीतला धरू शकतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्हीच. मिनी बस लावा, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि सळई बेळगाव-हुबळीकडून येते ती चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून. ट्रक घाटात पलटला तर सीएआर अजून सुरूच झालेली नसते, ती साइटवर उतरल्यावर. पुरवठादार माल साइटवर पोचवून देत असेल तर त्याची जबाबदारी कुठपर्यंत ते बिलावर बघा, तुम्ही स्वतः उचलत असाल तर इनलँड ट्रान्झिट पॉलिसी काढा, वर्षभराची ओपन मिळते.

नावं आणि कोटेशन

पॉलिसीवर तुमच्यासोबत मालकाचं आणि पोटकंत्राटदारांचं नाव घालून घ्या, आणि क्रॉस लायबिलिटी जोडा, म्हणजे दोघांपैकी एकामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तरी प्रत्येकाला वेगळा माणूस धरतात. सरकारी टेंडरला बँक गॅरंटी मागतात तिथे आता विमा कंपनीचा शुअरिटी बॉंडही चालू झालाय, विमा नियामक आयआरडीएआयने एप्रिल २०२२ पासून परवानगी दिली, पण तो तुमचा विमा नव्हे, तुम्ही काम अर्धवट सोडलं तर कंपनी खात्याला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. टेंडरमध्ये चालतो का ते आधी वाचा.

कोटेशन किमान तीन घ्या, सरकारी कंपन्यांपैकी एक तरी. तिघांना तीच वही द्या, नाहीतर आंबा आणि काजूची तुलना होते. मी आता ब्रोकरकडून घेतो, एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर कायद्याने गिऱ्हाइकाचा. प्रीमियमवर जीएसटी जातो, परत मिळेल का ते सीएला विचारा.

पॉलिसी हातात आल्यावर पहिल्याच दिवशी बघायचं ते साइटचा पत्ता, सर्व्हे नंबर. मी एकदा "बार्देश" ऐवजी "तिसवाडी" छापून आलेलं बघितलंय, आणि ते बघितलं कोणी, तर माझ्या मुलीने.

झालंच काही तर

आधी माणसं, १०८ ला फोन, मग बाकीचं. मग त्याच दिवशी कंपनीला फोन आणि फोननंतर लगेच ईमेल, कारण फोनचा पुरावा राहत नाही. ढिगारा सर्व्हेअर येईपर्यंत हलवू नका, धोका असेल तर हलवा पण आधी व्हिडिओ करा, चारही बाजूंनी, मोजपट्टी धरून. चोरी किंवा मृत्यू असेल तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ह्यांच्या प्रती लागतातच.

सर्व्हेअर आला की त्याला चहा द्या आणि कागद द्या, मताची गरज नाही. "आमचा इंजिनिअरच कामाचा नव्हता" असं रागात बोललेलं वाक्य तो अहवालात डिझाइन डिफेक्ट म्हणून लिहू शकतो. मंजूर नकाशे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, बीओक्यू (कामाच्या मापांची यादी), आरए बिलं (चालू कामाची बिलं), मालाची बिलं, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे रिपोर्ट, साइट डायरी, हजेरीपट, दुरुस्तीचं एस्टिमेट. पावसाचा क्लेम असेल तर त्या दिवसाच्या पावसाची नोंद हवामान खात्याकडून मागवा, आल्तिनोला त्यांचं केंद्र आहे. माझ्या भिंतीच्या वेळी वीप होलचे, म्हणजे पाणी निघायला भिंतीत ठेवलेल्या भोकांचे, फोटो होते म्हणून डिझाइनचा मुद्दा निकालात निघाला, ते फोटो मी बांधकाम कसं चाललंय ते मालकाला दाखवायला व्हॉट्सअॅपवर टाकले होते. वाकलेली सळई फेकू नका, तिची किंमत वजा होते, ती कुठे गेली ते विचारतात.

कंपनीने कापलं किंवा नाकारलं तर कारण पॉलिसीच्या कलम नंबरासकट लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे नाही जमलं तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. एकट्याच्या मालकीचा धंदा किंवा मायक्रो उद्योग असेल तर विमा लोकपालाकडे पण जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. गोव्यासाठी ते ऑफिस मुंबईत आहे.

चावी देताना

मालकाने खालचं दुकान आधीच वापरायला घेतलं तर त्या भागापुरतं सीएआरचं कव्हर तिथेच संपतं, बाकीचं काम चालू असलं तरी. मालकाला त्याच आठवड्यात लेखी कळवा की आता तुमची घराची किंवा दुकानाची पॉलिसी काढा, आणि पोच घ्या. वर्कमेन पॉलिसी मात्र लगेच बंद करू नका. टाइल्सचा कोपरा तुटलाय, नळ गळतोय म्हणून मालक बोलावतो, आणि ताबा दिल्यावर महिनाभराने तुम्ही एक रंगारी शिडीवर चढवता, तो पण तुमचाच माणूस असतो.